नाव ठेवायचं नाही

नाव ठेवायचं नाही, असं ठरवलं होतं.
नावं ठेवायला बिल्डिंग आहेच;
कुंटेबाईंनी नाकाला पदर लावून
पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली.

सहा पिल्लं निनादने आणली, लोणंदच्या बाजारातून,
बुटांच्या खोक्यात,
आणि महिन्यात त्याला होसूरला नोकरी लागली.
काही नाही गं आई, म्हणाला,
सकाळी दाणा, संध्याकाळी दार.

मधला दिवस सांगायला विसरला.

भुसा टिंबर मार्केटातून आणायचा, ओला झाला की उपसायचा,
वास आंघोळीनंतरही केसांत.
मुंगूस येतं म्हणून जाळी,
जाळीखालून घूस येते म्हणून विटा,
विटांना कुंटेबाईंची हरकत.
काळी करडीची पाठ टोचून लाल करते,
म्हणून काळीला वेगळं कोंडलं,
तर करडीच जाऊन बसली तिच्या जाळीला टेकून.
(करडी हे नाव नव्हे. रंग आहे.)

सहावी कोंबडी नव्हतीच.
एका पहाटे पावणेचारला
तिने घसा साफ केला आणि सगळ्या धायरीला सांगितलं.

वरचा खिलारे चाकणची पाळी करून तीनला येतो.
भांडला असता तर बरं झालं असतं.
दारात उभा राहिला, डोळे लाल,
काकू, आत्ता कुठे डोळा लागतो हो,
एवढंच म्हणाला.
मी डालगं उलटं घातलं, त्यावर गोधडी,
गोधडीवर पाटा.
म्हण खरी आहे. करून पाहिलीय.

शेवटी दूधवाल्या गेनबाला दिला. डोणज्याला नेतो म्हणाला.
कॅनशेजारी पिशवी,
पिशवीतून तुरा तेवढा बाहेर.
गेनबा रोज येतो. दीड लिटर.
तो सांगत नाही, मी विचारत नाही.
सुट्टे मोजताना दोघंही खाली बघतो.

मग मानमोडी आली.
माहेरी हा शब्द शिवीत ऐकला होता.
करडीची मान वळली ती वळलीच,
छपरावरून कोणी हाक मारत असल्यासारखी.
औंधच्या दवाखान्यात केसपेपर:
प्राण्याचं नाव?
कोंबडी, म्हटलं.
मालकाचं?
शिरवळकर.
पोराने सरळ लिहून टाकलं, कोंबडी शिरवळकर.
रिक्षात हसू आलं मला,
मांडीवर पिशवी गरम होती.
विद्यापीठ चौकाचा सिग्नल सुटेपर्यंत
नव्हती.

लस राहिली होती द्यायची.
बाटली शंभर मात्रांची येते, उघडली की त्याच दिवशी संपवायची,
आणि माझ्या पाच.
पंचाण्णव मात्रा मोरीत ओतायच्या
म्हणून मी पुढच्या सोमवारवर ढकलत गेले.
हे निनादला सांगितलेलं नाही.

घंटागाडीच्या छबूताईंना विचारलं,
ओल्यात टाकू की सुक्यात?
मातीत द्या ताई, म्हणाल्या.
कढीपत्त्याखाली करडी. दोन दिवसांनी तिच्याशेजारी तांबडी.

राहिल्या तीन. त्यातली एक खुडूक बसलीय,
हात घातला की फुगते, टोचते.
कोंबडा डोणज्याला,
त्या अंड्यांतून काही निघायचं नाही.
काढून घ्यायला हवीत.
आज काढते, उद्या काढते.

निनादचा फोन: आपल्याला अंडं कितीला पडतं गं?
हिशेब केला मी. बावीस रुपये.
आठ, म्हणाले.

आता पावणेचारला कोणी न आरवता जाग येते.
वर खिलारे घोरतोय, घोरू दे.
बॅटरी न लावता मागे जाते,
दांडीवरून हात फिरवते, एक, दोन,
खुडूक खाली खोक्यात, तीन.
तरी हात पुढे सरकतो,
गार लाकडावर.

करडे, म्हणते.

रंगाला कोणी हाक मारतं का?
भुसाही संपत आलाय.