ओल आहे तोवर

सोहार. पहाटेचे पाच.
मशीन म्हणतं, अंगठा पुन्हा ठेवा.
चौथ्यांदा. मागे रांग कुरकुरते.
कंपनीच्या भटारखान्यात तीन वर्षं
भांड्यांचा साबण, वर एसीची हवा.
रेघा झिजल्या, भेगा उरल्या,
आणि भेगांची हजेरी लागत नाही.

फार्मसीतल्या शाजीनं गुलाबाची बाटली
हातातून काढूनच घेतली.
"वासाचं चुरचुरतं. हे ने."
मेणचट, बिनवासाचं, अर्ध्या किलोचा डबा.
एवढं?
"महिन्यात संपव. जपून लावलंस तर फुकट गेलं."

घरून आणलेली भिरंडेलाची वडी
जूनमध्येच बॅगेत वितळली.
दोन शर्ट अजून तिचेच आहेत.

आता रात्री, टाकीचं पाणी जरा निवलं की आंघोळ.
टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही.
ओल आहे तोवर लावायचं,
लव जाते त्या दिशेनं, खाली,
मांजराला कुरवाळावं तसं.
डब्यात बोट नाही, चमचा.
मोफिजुल विडी घेऊन बाहेर जातो,
"तू पेटशील," म्हणतो.
थट्टा नाही ती. हे मुरलेल्या कापडाला
ठिणगी पुरते, शाजीनंही बजावलंय.

मशीनचं सकाळी बघू.
फोन ठेवला तेव्हा काचेवर,
हर्षालीचा गाल होता त्या जागी,
एक तेलकट ठसा.
पुसायला बाही उचलली,
मग दिव्याकडे तिरका धरला:
रेघा. बारीक, एकीत एक,
जेमतेम पाच-सहा.