वरचा, खालचा

डॉक्टर हिरेमठांनी दंडाचा पट्टा सोडला.
हवा फुस्स होताना मी बघत होतो
त्यांच्या टेबलावरची पाटी: फ्लेक्सवाल्याचं काम,
अक्षरांचे पाय तुटलेले.
"वरचा एकशे बहात्तर, खालचा एकशे आठ.
काम काय करता?"
म्हटलं, वरचं आणि खालचंच करतो, सर.
पाट्या रंगवतो.
वर कन्नड, जाड. खाली मराठी, उरेल तेवढ्यात.

ते हसले नाहीत. रोजची एक गोळी लिहिली
आणि कागदाच्या कोपऱ्यात, दोनदा गिरवून: उप्पु कडिमे.
द्वारका कन्नड शाळेत गेली नाही,
खरं भाजी मंडईत शिकलीय.
"उप्पु म्हणजे मीठ," म्हणाली,
"कडिमे म्हणजे आता तुमची खोड मोडली."

लोणच्याची बरणी माळ्यावर गेली.
सांडगी मिरच्या, पापड, सुके बोंबील धाकट्या जावेकडं.
करंड्याच्या झाकणात दिवसाचं मीठ,
दोघांत तेवढंच.
पहिला आठवडा आमटी अशी लागली
की नुसता प्रायमर मारलेली भिंत,
वर रंगच नाही.

खरं मीठ एकटं नव्हतं.
डॉक्टरांना सांगितलं नाही मी:
गणपत गल्लीतल्या एका दुकानाची पाटी
वर्षात चारदा रंगवली.
एकदा हे आले, एकदा ते आले,
एकदा रात्री कुणी डांबर फासून गेलं.
मालक मलाच विचारतो,
"पेंटर, आता काय लिहायचं ओ?"
मी शिडीवर. खाली माणसं. हातांत मोबाइल, वर धरलेले.
त्या दिवशी ब्रश थरथरला,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
रात्रभर कानात कुणीतरी पत्रा बडवत होतं.

आता पहाटे चालतो, शहापूरहून दुसऱ्या गेटापर्यंत.
गेट पडलेलं असलं की आधी
मिरजेच्या मालगाडीचे डबे दात खाऊन मोजायचो.
अजून मोजतो.
दर डब्याला थोडा श्वास सोडतो, एवढंच.

ते श्वासाचं डॉक्टरांनी शिकवलं,
खरं मला आधीच येत होतं.
शिरोरेघ ओढताना पेंटर श्वास घेत नाही,
घेतला तर रेघ उचकते.
सोडत न्यावी लागते, डावीकडून उजवीकडं,
सावकाश, रेघ तोंडातूनच निघाल्यासारखी.
कन्नडला ती रेघ नाही.
तिथं एकेक अक्षर आपापलं तलकट्टु
टोपीसारखं डोक्यावर घेऊन उभं.
एक टोपी, एक श्वास.
दोन्ही करून बघितलं.
छाती दोन्हींनी हलकी होते.

सकाळी नाचणीची आंबील, ताकातली, लसूण ठेचून.
दुपारी भाकरी आणि कडोलीकडची कुठली ताजी भाजी येईल ती.
शिडीवरून उतरलो की उकडलेलं रताळं.
चहा दोन. तिसरा मागितला
तर द्वारका झाकण दाखवते, मिठाचं, उगाच.
निपाणीचा मेहुणा अजून चंची पुढं करतो.
मी हात मागं घेतो.
कधी कधी घेत नाही.
हे तिनं वाचू नये.

तीन महिन्यांनी: एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी.
"बरं हाय," डॉक्टर त्यांच्या मराठीत म्हणाले,
"खरं गोळी सोडायचं नाही."
मग म्हणाले, दवाखान्याची पाटी हातानं करून द्या.
दोन्ही ओळी.

मी टेप लावून विचारलं,
"वरच्या-खालच्यात अंतर किती ठेवू, सर?"
"चाळीस," म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.
मी इंचांत विचारत होतो.

खडूनं दोरी मारली. हात बघितला.
हलतोय अजून, थोडा.
ब्रश रंगात बुडवून कडेला निथळला,
आणि तोंड जरासं उघडलं.