नाकासमोर

ऐक केतकी, घाई करू नकोस.
या गावाचं नाव म्हणे एका कापलेल्या नाकावरून पडलं,
आणि त्याच गावात आपण नाकाचा दवाखाना थाटून बसलोय,
शालिमारला, चष्म्याच्या दुकानावर.
निदान आपल्या हातून एक थेंबही सांडू नये.

आधी विचार:
रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का,
सुन्न करायच्या औषधाची कधी रिॲक्शन आली होती का,
सकाळी काही खाल्लंय का.
उपाशी माणूस खुर्चीतच पांढरा पडतो,
मग दुर्बीण राहते बाजूला
आणि आपण त्याचे पाय वर धरून उभे.

तुळसाबाई आहेर. लासलगाव. वय बासष्ट.
जन्म गेला चाळीत कांदा निवडण्यात.
ढिगात एक सडका असला तरी
दारातूनच कळायचा, म्हणतात.
आता हातात फुटतो, बोटं माखतात, तेव्हा कळतं.
सून म्हणते, आई नाकानं कांदे सोलायच्या.
कौतुकानं म्हणते की कसं, ते आपण विचारायचं नाही.

कापसाच्या पट्ट्या, औषधात भिजवून, पिळून.
एक वर, एक खाली. मग घड्याळ.
दहा मिनिटं म्हणजे दहा.
सगळी कारागिरी त्यातच आहे,
काहीही न करण्यात.
तुझ्या वयाचा असताना मी तीन मिनिटांत आत शिरलो होतो.
घोटीचा ट्रक ड्रायव्हर, हा एवढा गडी,
डोळ्यांतून घळाघळा पाणी, तोंडातून शब्द नाही.
फी दिली, नमस्कार केला, परत आला नाही.

टोक कोमट पाण्यात बुडव, नाहीतर धुकं.
मोकळी बाजू आधी.
करंगळी त्यांच्या गालावर टेकव,
मान हलली तर हातही सोबत हलू दे.
मधल्या पडद्याला शिवू नकोस,
तो नाकावर माशी बसू न देणाऱ्यांतला.
तळालगत जा, पार मागे, गिळायला सांग:
कानाच्या नळीचं तोंड
माशासारखं उघडतं, मिटतं.
परत ये. आता मधल्या गल्लीत वळ.
वाट नसेल तिथे वाट काढायची नाही.
नाक बघणं वेगळं, नाक खुपसणं वेगळं.

हां. दिसलं?
सोललेल्या द्राक्षासारखं, फिकट, ओलं, लोंबतं.
त्याच्यामागे अजून एक.
तुळसाबाई मान न हलवता, घोगऱ्या आवाजात:
"द्राक्षं? ती पिंपळगावच्या जावयाकडची असतील.
आमच्यात कांदाच."
हसू नकोस, हात हलेल.

निघताना आलीस त्याच वाटेनं, बघत बघत.
फवारा देऊ, सीटी काढू, मग ठरवू.
वास परत येईल, असं मी म्हटलेलं नाही.
येऊ शकतो, एवढंच.

तू दुर्बीण धुवायला गेलीस तेव्हा
त्यांनी पिशवीतून चार कांदे काढून टेबलावर मांडले,
प्रत्येक आधी नाकाशी नेऊन, सवयीनं.
तिसरा मऊ होता.
मी काही बोललो नाही.