जोडपं क्रमांक सात

विनिपेग, एकोणऐंशीचा जानेवारी.
विद्यापीठाच्या तळघरात मी टेप ऐकून कागदावर उतरवते,
तासाला तीन डॉलर चाळीस.
उजव्या पायाखाली पेडल: दाबलं की माणसं बोलतात,
उचललं की घास तोंडात तसाच.

लेव्हेस्कबाईंचे नियम भिंतीवर चिकटवलेत.
बोलणं तोडलं तिथे तिरकी रेघ.
गप्पपणाला टिंबं, अर्ध्या सेकंदाला एक.
'हं', 'हो का', 'मग' यांना वेगळा रकाना;
त्या रकान्यात बहुतेक बायकाच राहतात.

सातव्या टेपवर वाटाणे आहेत, काट्यांचा आवाज,
आणि कार्बुरेटर. कार्बुरेटर संपता संपत नाही.
तिचं नाव मला ठाऊक नाही. कागदावर ती 'ब'.
ब म्हणते, "ऐक ना, आज दुकानात मला –"
रेघ.
"दुकानात आज –"
रेघ.
"काय झालं माहितीये?"
नऊ टिंबं.
मग नळ.

प्रत्येक रेघेनंतर ती उठून नळ सोडते.
बाईंना सांगायला गेले.
"बाई, तो नळ –"
"सिग्रून, नळाला आपल्याकडे खूण नाही."
हातात कागद नव्हता, तरी बोटानं
सवयीनं रेघ ओढलीच.
बाई वाईट नाहीत. वरच्या मजल्यावर
त्यांचंही कुणी रोज तोडत असणार.

शेवटी तो गाडीचा हीटर जोडायला बाहेर जातो;
उणे तीस आहे, नाहीतर सकाळी इंजिन उठायचं नाही.
दार लागतं. टेप फिरतेच आहे.
आणि ब, बहुधा यंत्राकडे बघत, बोलते:

"आज दुकानात मला कुणीतरी
लग्नाआधीच्या आडनावानं हाक मारली.
मी वळलेच नाही.
पिठाच्या, साबणाच्या रांगा ओलांडल्यावर
ध्यानात आलं, ती मीच.
परत गेले तर तिथे कुणी नव्हतं."

नळ नाही.

नियम सहावा: खोलीत एकच माणूस उरलं
तर तो संवाद नव्हे. गाळावा.

मी पेडल उचललं. मागे नेलं. पुन्हा ऐकलं.
आणि कानांवर यंत्र, पायात ओले बूट,
तळघरात एकटीच मोठ्यानं म्हणाले,
हं. मग?