हातचा एक

मे महिन्यात जन्मलेलं आमच्या घरात कुणीच नाही.
मी कार्तिकातली, चंद्रिका भर श्रावणातली,
साईश संक्रांतीच्या आदल्या रात्रीचा,
उमाकांतकाकांची तारीख मास्तरांनी टाकलेली, एक जून,
आणि शेवंतीआत्याची तर कुणी टाकलीच नाही.
तरी दर वर्षी मेच्या तिसऱ्या रविवारी
चोडणात आम्ही सगळे एकदम मोठे होतो.

मी मिरजेहून, रात्रीच्या बसने, मांडीवर पेंगलेला साईश;
चंद्रिका मस्कतहून, बॅगेत खजूर, अंगात एसीची सवय.
काका रायबंदरच्या धक्क्यावर उभे.
निवृत्तीला पंधरा वर्षं झाली,
पण फेरीबोट टेकू लागली की त्यांचा हात आपसूक उठतो
दोर फेकायला.

केक पणजीचा.
बेकरीवाल्या इनासने पाच नावं ऐकली, कोन खाली ठेवला,
"इतलीं बसचीं नात, बाय,"
आणि लिहून टाकलं: हॅपी बर्थडे सगळ्यांक.
बोटीत शेजारी खडीचा ट्रक. बोट कलली, केक कलला,
झाकणावर सगळ्यांक उलटे उमटले.
"दोन केक झाले!" म्हणत साईशने एक चाटून संपवला.

दुपारी पंखा फिरतो, हवा नाही.
मानकुराद सरत आलाय, उरलेल्यांवर काळे ठिपके.
ठिपक्याचाच जास्त गोड, असं काका सांगतात,
आणि बिनठिपक्याचा स्वतः घेतात.

मेणबत्त्या निघाल्या नऊ. तीन मोडलेल्या.
"लागतात किती?" साईशने विचारलं,
आणि चाटलेल्या झाकणावर बेरीज मांडली:
आठ. एकेचाळीस. छत्तीस. त्र्याहत्तर.
"आत्या?"

आत्या भिरंडं फोडत होती, मनगटापर्यंत लाल.
"पखले गेले तेव्हा माझे पुढचे दात पडलेले.
कुणीतरी हातावर खाजं ठेवलं, मला चावेना.
मी रडले, आणि लोकांना वाटलं आनंदाने."
"म्हणजे एकाहत्तर," काका म्हणाले.
"सत्तर."
"एकाहत्तर."
"दात माझे की तुझे?"

साईशचं पेन अडलं.
आठ लिहायचे की नऊ?
कुणी बोलेना. लांब पोदेराचा भोंपू वाजत गेला.
"पण हातचा एक," तो म्हणाला, "तो दोन्हीकडून येतोच,"
आणि तो त्याने वर, बारीकसा लिहिला,
तीट लावावी तसा.

दोनशे अठ्ठावीस. किंवा एकोणतीस.

ज्योती हलतात म्हणून पंखा बंद केला.
घामाने निथळत आम्ही स्वतःलाच शुभेच्छा दिल्या,
म्हणजे नक्की कुणी कुणाला, ते दर वर्षी चुकतं.
चौघांनी फुंकलं. आत्या नाही फुंकत,
"दिवा काय फुंकायचा असतो?"
तिने आपली वात चिमटीत धरून मिटवली,
लाल बोटांना भाजलं की नाही, दिसलं नाही.

कार्तिकात माझ्या खऱ्या तारखेला
पहाटे बँकेचा मेसेज येतो, प्रिय ग्राहक.
मी डबा भरते, बस गाठते,
दिवसभर कुणाला सांगत नाही.
माझं एकेचाळीसावं केव्हाच होऊन गेलेलं असतं,
क्रीमसकट.

झाकण आत्याने टाकलं नाही. पुठ्ठा चांगला होता.
सकाळी त्यावर भिरंडांच्या साली पसरल्या, उन्हात.
निघायच्या दिवशी पाहिलं तर
आमची सगळ्यांची वयं रसात भिजून एकच झालेली,
कोपऱ्यातला तेवढा बारीक एक कोरडा.

फेरीबोट सुटली.
धक्क्यावर काकांचा हात वर गेला,
टाटा होता की दोर, मला कळलं नाही.
साईशने मात्र दोन्ही हातांनी तो झेलला
आणि कठड्याला गुंडाळून ठेवला.