उतरलेला

मागची फळी संत्र्याच्या पेटीची निघाली.
खिळे उपसले, तर गंजाच्या भुकटीसोबत
अजून वास आला. किंवा आला असं वाटलं.
फळीवर अर्धा शिक्का, काटोलकडच्या कुठल्याशा बागेचा,
आणि मध्ये घातलेला पेपर, ज्यावर
एका सिनेमाची वेळ तेवढी वाचता येत होती.

कौतिकाबाई निखारे स्टुलावर बसलेल्या,
पदराने वारा घेत. मे महिना. कूलरमध्ये पाणी नव्हतं.
"काच फुटली," म्हणाल्या, "त्याईले काही झालं नाही."
त्याईले म्हणजे कोणाला, मी विचारलं नाही.

चित्रात एक म्हातारा पायी चाललाय.
मुंडासं, पांढरी दाढी, हातात काठी,
टाचांच्या भेगांत खरीच माती भरल्यासारखा रंग.
शेजारी घोडा. लगाम आहे, पण ढिला,
कोण कोणाला नेतंय ते सांगता येऊ नये इतका.
घोड्याच्या बरगड्या दिसतात. मी मोजल्या, नऊ.
त्याच्या कपाळावर कुंकू इतकी वर्षं चढत गेलेलं
की तिथे आता रंग नाही, खपली आहे.
प्रभावळ नाही. शंख नाही. खाली नाव नाही.

"हा कोणता देव?"
"उतरलेला," त्या म्हणाल्या.

मग माठातलं पाणी पिऊन सांगत बसल्या.
सासरे टांगा हाकायचे, बडकस चौक ते स्टेशन.
चितार ओळीतल्या आत्मारामला म्हणाले, खंडोबा काढून दे.
देव तुझ्या मनानं काढ,
घोडा मात्र माझाच पाहिजे.
आत्माराम आठ दिवस स्टँडवर उकिडवा बसला
हिरामणला बघत. हिरामण तेव्हाच म्हातारा,
डावा गुडघा सुजलेला, डोळ्यांना माश्या.
आहे तसा काढला, सूज धरून.
आणि वर बसवला देव: तरणा, पिळदार,
तलवार उपसलेली, भंडाऱ्याने पिवळाधम्म.

सासरे बघायला गेले. बराच वेळ बघितलं.
पाया पडले नाहीत.
"काऊन गा आत्माराम," म्हणाले,
"वजन पडून राह्यलं नं त्याच्यावर."

चितारी चिडला म्हणे. कुंचला फेकला,
तो नालीत पडला, काढायला पोराला उतरवलं.
आणि गणपतींची घाई संपल्यावर
कधीतरी रात्री, कंदिलाशी,
त्याने देवालाही उतरवलं.

आता उतरलेल्याला चालणं आलं,
चालणाऱ्याला धूळ आली.
तलवारीची काठी झाली. दाढी
किती कोसांनी पांढरी होते, ते चिताऱ्यालाच ठाऊक.

मी चित्र दाराशी नेलं, उन्हात तिरकं धरलं.
विश्वास ठेवायचा म्हणून नव्हे. या धंद्यात
रंग कुठे उचललाय ते बघावंच लागतं.
रिकाम्या खोगिरावर, तपकिरी थराखाली
अंगठ्याला उंचवटा लागला.
गुडघा. रिकिबीत घातलेल्या पावलाची कड.
पाठीवर कोणी नाही,
आणि त्या नसण्यालाही थोडी जाडी आहे.

सतरा बाय बावीसची तयार फ्रेम पडून होती.
कागद जरा मोठा. म्हटलं, उजवीकडून बोटभर छाटू,
तिकडे काही नाहीच, नुसता रस्ता.

बाई उठल्या. पहिल्यांदाच आवाज चढला:
"तिकूनच तं जायचं हाये त्याईले!"

नवी पट्टी कापली. भुसा घामाला चिकटला.
काच पुसली दोनदा. बाईंनी पिशवीतून
मूठभर भिजवलेले चणे काढले, काउंटरवर ठेवले.
मी हात पुढे केला.
"तुमाले नाही," म्हणाल्या, आणि चित्र
त्या चण्यांसमोर थोडा वेळ उभं धरलं.
"आता घ्या. त्यानं सोडले ते."

रात्री शटर ओढण्याआधी मी ते खाल्ले.
आधी मोजायला हवे होते.
बरगड्या मोजल्या होत्या, चणे राहिले.