पाचांहून कमी

तक्ता साधा आहे. आडव्या ओळी आजारांच्या,
उभे रकाने जिल्ह्यांचे.
मॉर्फिद बोट फिरवत जाते: स्तन, फुप्फुस, आतडं.
प्रत्येकापुढे आकडा, माणसांनी भरलेल्या घरासारखा.
आणि कॉर्डोमापुढे, तिच्या जिल्ह्यात,
एक चांदणी.
तळटीप म्हणते: रुग्ण पाचांहून कमी असल्यास
ओळख उघड होऊ नये म्हणून संख्या देत नाही.

ओळख!
बेरविनच्या उतारावर, त्या अख्ख्या खोऱ्यात
परकी कुत्रीसुद्धा ओळखायची इद्वालला.

पाचामुखी परमेश्वर.
इथे मुखंच पाच भरत नाहीत.

लग्नात तिची आत्या म्हणाली होती,
पोरगा लाखात एक आहे.
डॉक्टरांनी दुरुस्ती केली: दहा लाखांत एक.
निदानाला चौदा महिने लागले.
आधी नुसती पाठदुखी, मग वय, मग मेंढ्या उचलणं,
मग थोडं वजन कमी करा.
शेवटी लिव्हरपूलला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी
नाव कागदावर लिहून दिलं,
कारण दोघांनाही ते एकदा ऐकून धरता येईना.
मणक्याच्या बुडाशी. हळू वाढणारं. हट्टी.
औषध? त्यावर फारसं कुणी शोधत नाही, बाई म्हणाल्या
आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

तो गेल्यावर कळलं,
एक चाचणी चालू होती, लीड्सला, तो असताना.
बंद पडली.
कारण: पुरेसे रुग्ण सापडले नाहीत.

हे वाक्य तिने ओट्याशी उभ्याने वाचलं.
सापडले नाहीत.
तो तर तिथेच होता, खिडकीजवळच्या खुर्चीत,
दोन उशांवर, रोज,
पोस्टमनला हात करत.

शुक्रवारी लंडन.
सुरक्षारक्षक ट्रेमधून दोन खडे उचलतो. हे काय?
गणती, ती म्हणते.
तो खांदे उडवतो, जाऊ देतो.
इद्वाल मेंढ्या विसांनी मोजायचा,
वीस झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात.
तीन कमी भरल्या तर तीन कमी. चांदणी नाही.
बॅटरी घेऊन निघायचा, चिखलात, शिव्या देत.

गॅलरीतून हिरवी बाकं दिसतात, बरीचशी रिकामी.
शुक्रवारी खासदार आपापल्या गावी असतात.
विधेयक मांडणाऱ्या बाई भावाबद्दल बोलतात, मग थांबतात,
मग कलमांकडे वळतात, तिथे आवाज घट्ट राहतो.
कलम दोन: दुर्मीळ कर्करोगाच्या रुग्णांची नोंद अशी ठेवावी
की संशोधकाला त्यांच्यापर्यंत पोचता यावं.
मॉर्फिद मनात भाषांतर करते:
दार वाजवावं. कुणीतरी. खिडकीतला माणूस दिसतोय ना.

अडीचला वेळ संपते.
तोवर कुणी बोलतच राहिलं, तर विधेयक बोलण्यातच मरतं.
एक गृहस्थ उठतात, हातात कागदांची चळत.
खर्च. व्याख्या. "दुर्मीळ" म्हणजे नेमकं किती?
ती खाली डोकी मोजते.
एक खडा उजव्या खिशात गेला. दुसरा जात नाही.
छत्तीस. सदतीस. कुणीतरी बाहेर गेलं, छत्तीस.
घड्याळात दोन वाजून एकवीस.
गृहस्थ पाणी पितात.
पान उलटतात.
आणि का कोण जाणे, बसतात.

हरकत?
या एका शब्दाला इथे एकच तोंड पुरतं.
छत्तीस तोंडं बंद राहिली.
तेवढ्याच आवाजात दुसरं वाचन संमत झालं.
टाळ्या वाजवायच्या नसतात, शेजारची बाई कुजबुजते
आणि रुमालात नाक शिंकरते.

अजून समिती आहे, अहवाल आहे, तिसरं वाचन,
वरचं सभागृह. चढ बराच बाकी.
इद्वालला याचा काही उपयोग नाही,
हे ती स्वतःला श्रूसबरीपर्यंत दोनदा सांगते.

गाडी बदलून बसल्यावर ती तक्ता काढते.
इतकी वर्षं खिजगणतीत नसलेल्या
त्या चांदणीवर रबर फिरवते. छापील शाई, जात नाही.
मग पेन्सिलीने वरच लिहिते,
दाबून, मागच्या पानावर उमटेल इतकं:

निदान एक.